डबा वाजवून दाखव

मी गाणारी कशी झाले असं कुणी विचारलं की त्यांना एखाद्या गुरूचं नाव ऐकायचं असतं, नाहीतर गरिबीची गोष्ट. मला दोन्ही देता येत नाहीत. माझ्या गाण्याला कारण झाला तो नळ.

साठ सालानंतर कधीतरी लग्न होऊन मी नागपुरात आले. माहेर शेतकऱ्याचं, वर्ध्याच्या वाटेवरच्या एका खेड्यातलं. तिथे विहीर होती आणि दोर ओढला की पाणी वर येत होतं, त्यात कुणाच्या मर्जीचा प्रश्न नव्हता. सासर सक्करदऱ्याच्या बाजूला, भाड्याच्या दोन खोल्यांत. नवरा एका सरकारी कचेरीत कारकून. घरात सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणायचे. सगळ्या गल्लीला मिळून एक नळ होता. तो पहाटे यायचा, कधी न सांगता भरदुपारी यायचा, कधी नुसताच खोकायचा आणि गप्प व्हायचा. आमच्या वॉर्डाच्या मेंबरकडे गल्लीतल्या पुरुषांनी अर्ज दिले होते. अर्ज देऊन आले की पुरुषांना पाणी भरल्यासारखं समाधान वाटायचं.

त्या वर्षी भुलाबाई बसल्या. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत घरोघरी मातीची भुलाबाई बसते, शेजारी तिचा नवरा भुलोजी. संध्याकाळी पोरी घरोघर जाऊन टिपऱ्यांवर गाणी म्हणतात. गाण्यांचा विषय एकच, सासरचा जाच आणि माहेरचं कौतुक. गाणी झाली की त्या घरची पोरगी झाकण लावलेला डबा घेऊन येते. आत खिरापत असते. काय आहे ते बाकीच्यांनी ओळखायचं. ओळखल्याशिवाय झाकण उघडत नाहीत आणि झाकण उघडल्याशिवाय पोरी घरातून हलत नाहीत. फारच अडलं तर "वाजवून दाखव" म्हणायचं, मग डबा हलवून दाखवावा लागतो. शेव वेगळी वाजते, शेंगदाण्याचे लाडू वेगळे वाजतात. ज्या घरची खिरापत लवकर ओळखू येत नाही त्या घरच्या बाईचा मान मोठा. माझ्या आईने एकदा उकडलेले शिंगाडे ठेवले होते, त्यावर ती पुढे कित्येक वर्षं मिरवली.

तर गल्लीतल्या पोरी गाणी म्हणत होत्या आणि मी दारात रिकामी घागर घेऊन नळाची वाट पाहत होते. त्यांच्याच चालीवर सहज शब्द सुचले. पोरींना सांगितले, त्यांनी लगेच उचलले.

नळबाई रुसली, माहेराला गेली,
घागर माझी दारात आडवी झाली.
सासरा म्हणे उद्या, दीर म्हणे परवा,
मेंबरच्या अंगणात मोगरा हिरवा.

मेंबरच्या अंगणातला मोगरा खरोखर हिरवागार होता. सगळे पाहत होते, बोलत कुणी नव्हतं.

आत्याबाईंनी गाणं ऐकलं आणि मला आत बोलावलं.

"मेंबरच्या नावानं गाणं? तुले घरी काम नाई काय वं?"

मी म्हटलं, "पाणीच नाही तर काम कशानं करू, आत्याबाई?"

त्यांनी माझ्या हातातल्या घागरीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "आन् आधी तू काय म्हनत होती? घागर उपाशी बसली? घागर कायले उपाशी बसते वं? आडवी होते ते. आडवी म्हन."

म्हणजे दुसरी ओळ त्यांची आहे. हे मी कुठल्याही स्टेजवर सांगितलं नाही, कारण त्यांनीच सांगू दिलं नाही.

पोरींना कुठल्याही घरी जायला मज्जाव नसतो. त्या मेंबरच्या घरीही गेल्या, आणि सवयीने हेच गाणं तिथेही म्हणाल्या. मेंबरच्या बायकोने खिरापत वाटली म्हणतात, पण ओळखायला न लावता. त्यानंतर पंधरा-वीस दिवस नळ वेळेवर आला. मग पुन्हा रुसला. पण मला एक गोष्ट कळून चुकली की अर्ज फाईलमध्ये जाऊन बसतो आणि गाणं मेंबरच्या बायकोच्या कानावर जातं.

पुढची दहा-बारा वर्षं भराभर सांगते, कारण ती तशीच गेली. आधी शेजारच्या मोहल्ल्यातल्या बायांनी बोलावलं. मग गणपतीत. मग मिलच्या कामगारांचा संप चालू होता तेव्हा त्यांच्या चाळीत. मग विडी वळणाऱ्या बायांच्या सभेला, विणकरांच्या वस्तीत, कुठे रॉकेलसाठी मोर्चा असला तर तिथे. लाल झेंडेवाले बोलवायचे, तिरंगीवाले बोलवायचे, वेगळा विदर्भ मागणारे बोलवायचे. मी जायचे. मला झेंड्यापेक्षा समोर बसलेल्या बाया दिसायच्या. माझ्यासोबत गल्लीतल्या दोघीतिघी टिपऱ्या घेऊन यायच्या.

कामाची पद्धत ठरून गेली होती. कार्यक्रमाच्या आधी तासभर मी वस्तीत जाऊन बायांमध्ये बसायचे. काय कमी आहे ते विचारायचे. पुरुषांना विचारलं तर ते देशाचं सांगतात. बाया संडासाला दार नाही हे सांगतात. ते सगळं मनात ठेवायचं. स्टेजवर मधोमध माझ्या आईचा पितळी डबा ठेवायचा, झाकण लावून, आणि खिरापत यजमानाने भरायची. गाण्यात आम्ही विचारायचो, काय आहे बाई डब्यात? मग मी एकेक अंदाज करायचे. रस्ता आहे का? शाळेला छप्पर आहे का? दिव्याच्या खांबाला दिवा आहे का? प्रत्येकाची दोन-दोन ओळींची कडवी तिथल्या तिथे बांधायची आणि समोरच्या बाया ओरडायच्या, "नाई वं!" असं करत करत शेवटी खऱ्या खाण्यावर यायचं, कुणीतरी ओळखायचं, झाकण उघडायचं आणि वाटायचं. भाषण ऐकून माणूस मोकळ्या हाताने घरी जातो. आमच्याकडून निदान चिमूटभर शेव घेऊन जायचा.

आत्याबाई प्रत्येक कार्यक्रमाला यायच्या, पण स्टेजवर चढायला तयार नसायच्या. "तिथं चढून बसाले मी का तमाशातली हाय काय?" त्या पहिल्या ओळीत जमिनीवर बसायच्या. "नाई वं" ची सुरुवात त्यांचीच असायची, आणि इतकी खणखणीत की मागच्या बायांची भीड आपोआप चेपायची.

माझ्या अटी मोजक्या होत्या. परत जायचा रिक्षा आधी ठरवा. डबा तुमच्या घरचा भरलेला पाहिजे. शब्द आधी दाखवणार नाही. लोकांना ही शेवटची अट स्वाभिमानाची वाटायची. खरं म्हणजे शब्द आधी तयारच नसायचे, तर दाखवू काय?

एकदा जरीपटक्याच्या बाजारात कार्यक्रम होता. समोर निम्म्या बाया सिंधी. मराठी त्यांना भाजीच्या भावापुरती यायची. मला वाटलं, आज काही जमत नाही. पण डबा दिसल्याबरोबर त्यांना खेळ समजला. रस्ता, दिवा, गटार असं मी काही म्हणायच्या आत पुढची एक जाडजूड बाई ओरडली, "अरे पापड है, पापड!" यजमान तिथलाच दुकानदार होता. डब्यात पापडच होते. कार्यक्रम सुरू व्हायच्या आत संपला. मग त्या बाईला स्टेजवर बोलावून उलटं केलं, तिला अंदाज करायला लावले, आणि ती हिंदीत जे बोलली त्यातली तीन कडवी मी पुढे वर्षानुवर्षं वापरली.

नवऱ्याबद्दल सांगायला हवं. तो भित्रा नव्हता, कारकून होता. सरकारी नोकराने राजकारणाच्या सभेला जायचं नाही हे त्याला पाठ होतं. बायकोने जावं की नाही याबद्दल नियमात काही सापडेना, म्हणून तो मला अडवू शकत नव्हता आणि सोबतही येऊ शकत नव्हता. मग तो सभेच्या समोरच्या पानठेल्यावर उभा राहायचा, जसा काही पान खायला आलेला. तो पान खात नसे. सगळा कार्यक्रम संपेपर्यंत ठेलेवाल्याशी हवापाण्याच्या गप्पा मारायचा आणि घरी येऊन सांगायचा की तिसरं कडवं लांबलं.

आणीबाणीत माझं गाणं बंद होतं. बंदी वगैरे कुणी घातली नाही. बोलावलंच नाही कुणी. त्या काळात मी दोन स्वेटर विणले आणि मुलीला पाढे शिकवले.

त्यानंतर आम्ही नंदनवनमध्ये छोटासा प्लॉट घेऊन घर बांधायला काढलं. सोसायटीचं कर्ज, माझे दागिने, सगळं त्यात घातलं होतं, आणि भाडं वाचावं म्हणून प्लॉटवरच पत्र्याची शेड ठोकून राहत होतो. भिंती खिडकीच्या उंचीला आल्या आणि नवऱ्याच्या बदलीचा कागद आला. सिरोंचा.

ज्यांनी सिरोंचा पाहिलेलं नाही त्यांनी नकाशात विदर्भाचं खालचं टोक पाहावं. तिथे रस्ता संपतो, नदी लागते आणि पलीकडे आंध्र. त्या वेळी एसटीने पोचायला सगळा दिवस जायचा, आणि पावसाळ्यात एखादा नाला भरला की तोही पुरायचा नाही. कचेरीत कुणावर साहेब रागावले की हे नाव घ्यायचे. कारण काय, ते कागदावर नव्हतं. कचेरीतल्या मित्राने मात्र नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं, "वहिनीले म्हना, जरा दमानं."

नवरा घरी आला, कागद आत्याबाईंसमोर ठेवला आणि अर्ध्या भिंतींकडे पाहत बसला. घर असं उघडं टाकून तो गेला तर ते पूर्ण कोण करणार? मुलं शाळेत, आत्याबाईंचे गुडघे दुखत होते. सगळे गेलो तर भिंती पावसात उभ्या राहणार. त्याला गाणं थांबव असं म्हणायचं होतं आणि तो म्हणत नव्हता. त्यामुळे मला जास्तच ऐकू येत होतं.

चार-सहा दिवसांत आमच्या अर्ध्या घरासमोर जीप येऊन थांबली. आतून उतरला तोच जुना मेंबर, मोगऱ्याचा. एव्हाना तो विधानसभेला उभा होता आणि सगळे त्याला भाऊ म्हणत होते.

"वहिनी, घर तं झकास बांधून राहिले तुमी."

"बांधून राहिलो होतो," मी म्हटलं. "आता सिरोंच्याले जाऊन राहिलो."

"ते कागदाचं का घेऊन बसले? वर एक फोन केला का थांबते ते." विटांच्या ढिगावर रुमाल टाकून तो बसला. "पन तुमी आमाले लय तरास देला बरं. तुमच्या त्या गाण्यापायी माह्या घरचीनं मोगरा उपटून फेकला, माहीत हाय तुमाले?"

"अवो, मोगऱ्यानं काय केलं होतं?"

"तेच तं मी म्हनलं!" तो खरोखर मनापासून हसला. माणूस वाईट नव्हता, हे सांगायला हवं. त्याला फक्त सगळ्यांनी आपल्या बाजूने असावं असं वाटायचं. "एकच सभा करा. सक्करदऱ्याले, बायांची. ते डब्याचं गाणं म्हना. शेवटी माह्यं चिन्ह घ्या, बस. मंग तुमचे साहेब इथंच राहतील."

मी अटी सांगितल्या. रिक्षाच्या जागी त्याने जीप कबूल केली. शब्द दाखवणार नाही म्हटलं, तर म्हणाला, तुमच्यावर भरोसा आहे.

"आणि डबा तुमच्या घरचा भरून यायला पाहिजे."

"येईल ना! नवा आनतो, स्टीलचा. तुमचं पितळंचं काळं पडलं आता."

त्याला डबा तेवढा ऐकू आला. मला तेव्हाच कळायला हवं होतं, पण माझ्या डोक्यात विटा होत्या.

तो गेल्यावर मी आत्याबाईंना विचारलं, काय करू? त्यांनी फार विचार केला नाही. "म्हन. एका गान्यानं पोरगा घरी राहते तं म्हन. त्यायच्या बायकोच्या हातचे अनारसे लय चांगले असते म्हनतात. खिरापतीले तेच ठेवन ते."

नवरा म्हणाला, "तुला पटत असेल तरच." असं म्हणणाऱ्या माणसाला फार काही हवं असतं.

सभेच्या दिवशी मी नेहमीसारखी आधी जाऊन बायांमध्ये बसले. रॉकेल, गटार, अंधार, तेच सगळं. त्या दिवशीच्या ओळी मी मवाळ ठेवायचं ठरवलं होतं. दोष सगळा दिल्लीचा, दिल्ली काही सक्करदऱ्याच्या सभेला येत नाही. हवेत गारवा होता, बाया शाली गुंडाळून, पोरं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पहिल्या ओळीत आत्याबाई. समोर पानठेल्यावर नवरा. स्टेजवर खुर्चीत भाऊ. मधोमध नवा कोरा स्टीलचा डबा, त्याला झेंडूचा हार, झाकणावर सोनेरी कागदाचा तुरा आणि पुढे निवडणुकीचं चिन्ह चिकटवलेलं.

मी डबा उचलला आणि हाताला कळलं. आत काही नव्हतं.

नंतर मी यावर विचार केला आणि मला राग आला नाही. भुलाबाई पोरींची. पोरगे खिरापत खातात, पण डबा भरताना ते कधी घरात थांबलेले नसतात. भाऊच्या माणसांना वाटलं, डबा म्हणजे नाटकातली तलवार. बाहेरून चकाकली की झालं. घरच्या बाईपर्यंत निरोप गेलाच नव्हता. आणि खुर्चीत बसलेल्या भाऊला हे ठाऊक नव्हतं. तो प्रसन्न चेहऱ्याने बसला होता.

मी गाणं सुरू केलं. रस्ता आहे का, नाई वं. रॉकेल आहे का, नाई वं. कडवी होत गेली आणि मी मनात हिशेब करत होते की हे कसं गुंडाळायचं. खिरापत ओळखायची वेळ आली. बाया ओरडायला लागल्या. चिवडा! करंज्या! शेव! मी प्रत्येकाला नाही म्हणत होते आणि प्रत्येक वेळी खरंच बोलत होते. आत्याबाईंनी पहिल्यापासून अनारसे लावून धरले होते. नाही म्हटल्यावर त्यांना ते पटेना.

"वाजवून दाखव!" त्या म्हणाल्या.

हा नियम आहे. मागितलं की वाजवावं लागतं. मी डबा हलवला. काहीच आवाज आला नाही.

"मऊ हाय वं काहीतरी!" मागून एक म्हातारी ओरडली. "शिरा असंन!"

"पुरनपोळी!"

"गुलाबजाम!"

आवाज येत नाही म्हणजे पदार्थ उंची असणार, असा सगळ्यांचा समज झाला. कधी नाही इतका उत्साह आला. पोरं उभी राहिली. भाऊलाही राहवेना. तो खुर्चीतून उठून माइकपाशी आला. "अवो वहिनी, कायले तरसवता लेकीबायांले? उघडा अन् वाटून टाका!"

आता हे लिहिताना मी म्हणू शकते की त्या क्षणी मला जनता आणि सत्य आठवलं. तसं काही झालं नाही. मला सिरोंचा आठवलं, खिडकीपर्यंतच्या भिंती आठवल्या. "खिरापत कार्यक्रमानंतर वाटू" असं म्हणून डबा मागे सरकवता आला असता, ते वाक्य तोंडात तयार होतं. पण पहिल्या ओळीत आत्याबाई पदर पुढे करून बसल्या होत्या. इतक्या वर्षांत मी एकदाही झाकण न उघडता स्टेजवरून उतरले नव्हते. त्यांच्यासोबत मला पुढची सगळी वर्षं एका चुलीपाशी काढायची होती.

मी झाकण काढलं आणि डबा बायांकडे तिरपा केला.

मागच्या बाया माना उंचावून पाहू लागल्या. मग आत्याबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या, वाकून आत पाहिलं आणि सगळ्या सक्करदऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "रिकामा हाय वं माय!"

हशा झाला असता आणि विरला असता. पण भाऊने घाईने माइक धरला. "निवडून आल्यावर भरून देऊ!"

त्याला खरंच सावरायचं होतं, बिचाऱ्याला. त्यानंतर बाया ज्या हसायला लागल्या त्या थांबेनात. टिपऱ्या माझ्या सोबतिणींच्या हातात होत्याच. त्यांनी ताल धरला आणि माझ्या तोंडून शब्द आले, मवाळ राहिले नाहीत.

डबा आला जीपमधून, हार घालून आला,
हलवून पाहा बायांनो, आवाज कायचा झाला?
लाडू नाही, शेव नाही, नाही मुरमुरा,
झाकणाले मात्र बाई सोनेरी तुरा.

दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा सगळी सभा म्हणत होती. पानठेल्याकडे पाहिलं. नवऱ्याने पान घेतलं होतं आणि तो ते खात होता.

जीप आम्हाला न घेता गेली. नंदनवन काही लांब नाही, आम्ही पायीच निघालो. वाटेत माझ्या लक्षात आलं की आत्याबाईंचा एक हात पदराखाली आहे.

"काय आणलं, आत्याबाई?"

"डबा." त्या चालतच राहिल्या. "रिकामा असला तं का झालं, चांगला हाय. जाड पत्रा हाय."

मागून नवरा येऊन मिळाला. ओठ लाल झाले होते. मग आत्याबाईच त्याला म्हणाल्या, "बिस्तरा बांध गा. थंडीचे कपडे घेजो."

"तिकडे थंडी नसते," तो म्हणाला. "माहिती काढली मी." म्हणजे त्याने आधीच चौकशी केली होती. तेव्हा मला त्याच्याबद्दल जे वाटलं ते मी कुठल्या गाण्यात घातलेलं नाही.

भाऊ निवडून आला. गाण्याने कुणी निवडणुकीत पडत नाही. ज्यांना पडतं असं वाटतं त्यांनी कधी गाऊन पाहावं. बदली थांबली नाही. नवरा एकटा पुढे गेला. मी दोन महिन्यांत भिंती पुऱ्या करून वर पत्रे टाकून घेतले, दारं लावली, एक खोली भाड्याने दिली आणि शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागल्यावर मुलांना आणि आत्याबाईंना घेऊन एसटीत बसले. स्टीलच्या डब्यात तांदूळ होते. आम्ही तिथे तीन वर्षं राहिलो. आसपासच्या बाया तेलुगू बोलायच्या, नवरात्रात फुलांची रास रचून तिच्याभोवती फेर धरायच्या. डब्याचा खेळ त्यांना पहिल्याच दिवशी आला. नवऱ्याला तिथलं लोणचं आवडायला लागलं आणि तो परतीच्या बदलीचा अर्ज द्यायला विसरला, तो मी दिला.

दरम्यान नागपुरात गाणं माझ्याशिवायच फिरत होतं. एका पक्षाने दुसऱ्याविरुद्ध म्हटलं, दुसऱ्याने पहिल्याविरुद्ध, आणि नंतर एका कॅसेटवर ते पारंपरिक गीत म्हणून आलं. परत आल्यावर मी पुन्हा जायला लागले तेव्हा लोक मलाच ते गाणं शिकवायचे, चाल चुकते म्हणून सांगायचे.

पुढच्या एका निवडणुकीत भाऊ पडला. त्यानंतर एका उन्हाळ्याच्या दुपारी तो आमच्या नंदनवनच्या घरी आला. जीप नव्हती, स्कूटर होती. केस पांढरे झाले होते. आत्याबाई दारातल्या खाटेवर होत्या, त्यांना आता कमी दिसायचं.

"कोन हाय गा?"

"मी, आजी. भाऊ."

"मोगऱ्याचा काय?"

"हो," तो म्हणाला, आणि पुन्हा तसाच हसला. मी चहा ठेवला. त्याचं काम होतं. ज्याने त्याला पाडलं त्याच्याविरुद्ध त्याला डब्याचं गाणं हवं होतं. "वहिनी, तुमच्याच तोंडून पायजे. तो कॅसेटवाला बरोबर म्हनत नाई."

मी म्हटलं, "येईन. अटी त्याच. रिक्षा आधी, शब्द दाखवणार नाही, डबा घरून भरून."

"घरच्या बाईले सोताच सांगतो आता," तो म्हणाला. "शिकलो मी."

बोलता बोलता त्याचं लक्ष फळीवर गेलं. स्टीलचा डबा तिथे होता. तुरा कधीच गेला होता, चिन्हाचा अर्धा कागद मात्र घासून घासूनही निघाला नव्हता. त्याने पाहिलं, चष्मा सावरून पुन्हा पाहिलं.

"हा आमचाच काय?"

"तुमचाच," आत्याबाई खाटेवरून म्हणाल्या. "भरला आमी."

"का हाय आत?"

"वळख ना मंग."

तो ओळखायला बसला. साखर? नाही. तुरीची डाळ? नाही. शेवया? त्याही नाहीत. मग त्याने आपणहून म्हटलं, "वाजवून दाखवा." मी फळीवरचा डबा काढून हलवून दाखवला. आत बारीक खुळखुळ झाली. त्याने सुपारी म्हटलं, खारका म्हटलं, आणि हरला.

आत अनारसे होते. इतकी वर्षं दुसऱ्याच्या अनारशांची वाट पाहून कंटाळलेल्या आत्याबाईंनी शेवटी माझ्याकडून करून घेतले होते, स्वतः खाटेवर बसून तांदळाच्या पिठात बोट घालून घालून. भाऊने माझ्याकडे पाहिलं, मी आत्याबाईंकडे. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. नियम सगळ्यांना एकच.

मी डबा फळीवर परत ठेवला आणि त्याला चहासोबत बिस्किटं दिली. तेवढ्यात नळ खोकला, म्हणून मी घागर घेऊन उठले.